ऐकणाऱ्यांचा पाळक : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला नारायण वामन टिळक ठाऊक असतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता कित्येक पिढ्यांनी पाठ केली, परीक्षेत तिचा सारांश लिहिला आणि पुस्तक मिटले. त्यांच्या नावाआधी लागणारी ‘रेव्हरंड’ ही उपाधी मात्र नावाचाच एक भाग असल्यासारखी उच्चारली जाते. तिच्यामागे एक व्यवसाय आहे, एक दिनक्रम आहे, पंधरा वर्षांचे पाळकपण आहे, याचा विचार सहसा होत नाही. टिळक १९०४ साली ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि १९१९ साली वारले. या काळात त्यांनी जे लिहिले त्याचा फार मोठा भाग धर्मलेखनाचा आहे: भजने, अभंग, उपासनेची गीते, ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध काव्य आणि ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकातले लेख. पाठ्यपुस्तकाने कवी ठेवला आणि पाळक वगळला, ही निवड सोयीची असली तरी तिच्यामुळे माणूस अर्धाच हाती येतो. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. टिळकांचे धर्मलेखन मुळात ऐकण्यासाठी केलेले लेखन आहे. ज्यांना वाचता येत नव्हते अशा माणसांची जबाबदारी अंगावर आल्यामुळे ते घडले, आणि म्हणून पाळकाचे काम बाजूला सारून त्यांच्या शब्दांचे मोल नीट करता येत नाही.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांतल्या वाचकांपुढे हे चरित्र ठेवताना पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की नगर जिल्ह्यात आयुष्याचा मुख्य भाग घालवलेल्या या ख्रिस्ती पाळकाचा या डोंगराळ मुलखाशी संबंध काय. त्यांच्या चरित्रातील मोठे प्रसंग इथे घडलेले नाहीत आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. संबंध आहे तो श्रवणाच्या परंपरेचा. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत धर्म पोहोचला तो प्रामुख्याने कानावाटे. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, सप्ताहातले कीर्तन आणि काल्याचा दिवस ही इथल्या गावांची जुनी पाठशाळा आहे. भोर संस्थानात पंतसचिवांच्या वाड्यातला रामनवमीचा उत्सव हाही ऐकण्या-पाहण्याचाच सोहळा होता. वरंधा घाट उतरला की शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला असे परंपरा मानते. धर्मग्रंथ आधी बोलला जातो आणि मग लिहिला जातो, ही गोष्ट या भागात कोणाला पटवून द्यावी लागत नाही. एखादा अभंग छापील पानावर कसा दिसतो याहून तो टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर कसा बसतो, हे ज्याला जन्मापासून कळते, त्या वाचकाला टिळकांच्या धर्मलेखनाचे मर्म पुस्तकी समीक्षकापेक्षा लवकर उमगेल, असा माझा विश्वास आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव येथे चित्पावन घराण्यात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई जानकीबाई भाविक होत्या, त्यांना काव्याची आवड होती, आणि त्या मुलाच्या लहानपणीच गेल्या. आईच्या जाण्याने हा मुलगा घरापासून तुटला आणि नाशिकला येऊन पोहोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याचे संस्कृतचे शिक्षण झाले. इंग्रजी शाळेतही काही काळ गेला, पण भावंडांच्या जबाबदारीमुळे ते शिक्षण अर्ध्यावर राहिले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली. त्यानंतरचा दशकभराचा काळ अस्थिर भटकंतीचा आहे. कुठे शिक्षकाची नोकरी, कुठे पुराण सांगणे, कुठे कीर्तन. गाव बदलत होते, काम बदलत होते. चरित्रकार या काळाकडे बहुधा एका चंचल तरुणाची धडपड म्हणून पाहतात. मला त्यात एक शिस्तबद्ध शिक्षण दिसते. कीर्तनाला उभे राहणाऱ्याला पूर्वरंगात विषय लावावा लागतो, निरूपण श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून लांबवावे किंवा आवरते घ्यावे लागते, उत्तररंगातल्या आख्यानाने पेंगुळलेल्या सभेला जागे करावे लागते. हजरजबाबी कवित्व, चालीवर शब्द बसवण्याची हातोटी आणि श्रोत्यांची नाडी ओळखण्याची नजर टिळकांकडे ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी होती. पुढे जे झाले ते या तयारीशिवाय झाले नसते.

१८९१च्या सुमारास ते नागपूरला गेले. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथांवरचे काम सुरू झाले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. जातिभेदाने आणि कर्मकांडाने ते अस्वस्थ होते. सर्वांना सामावून घेणारा एखादा नवा धर्मच स्थापावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते खुणा करत, टीकाकाराच्या नजरेने. पण डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तिथून त्यांना हलवेना. पुढचा काळ वाचनाचा, पत्रव्यवहाराचा आणि स्वतःशीच चाललेल्या झगड्याचा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून घेतला. या प्रवासात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टिळक स्वतः ख्रिस्ताकडे आले ते छापील पुस्तक वाचून, एकट्याने, विद्वानाच्या वाटेने. ज्यांची सेवा त्यांना पुढे करायची होती त्या माणसांना ती वाट बंद होती. टिळकांच्या धर्मलेखनाची सुरुवात या अंतरातून झाली.

बाप्तिस्म्यानंतर ते अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर केंद्रात आले. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखालच्या धर्मशिक्षणशाळेत ते गावोगावच्या भावी उपदेशकांना शिकवू लागले. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतून आलेली होती. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळात अनाथ मुलांचे लोंढे मिशनच्या आश्रयाला आले आणि मंडळींचा आकार वाढला. १९११च्या जनगणनेत साऱ्या देशातले साक्षरतेचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत होते, स्त्रियांमध्ये ते जेमतेम एक टक्का होते. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले होते त्या जातींची स्थिती याहून वाईट असणार, हे वेगळे सांगायला नको. प्रॉटेस्टंट पंथाचा सारा भर पवित्र शास्त्र स्वतः वाचण्यावर, आणि मंडळीतल्या बहुतेकांना वाचता येत नाही, असा हा पेच होता. शाळा काढणे हे त्याचे एक उत्तर होते आणि मिशनने शाळा काढल्याही. पण शाळेचे फळ यायला एक पिढी जाते. रविवारी उपासनेला जमलेल्या शेतमजुराला, दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलाला, चार घरची कामे आटोपून आलेल्या बाईला त्याच दिवशी काहीतरी घरी न्यायला हवे होते. ते डोक्यात मावणारे, ओठांवर राहणारे, दळताना आणि चालताना म्हणता येणारे हवे होते.

त्या वेळी उपासनेत गायली जाणारी बरीच गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती आणि त्यांच्या चालीही विलायती होत्या. मराठी शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत भलत्याच ठिकाणी ताणला जाई. टिळक या परिस्थितीत बदल करणारे पहिलेच होते असे मात्र नाही. नगरच्याच मंडळीत कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६०च्या दशकापासून ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता, आणि टिळकांना तयार रान मिळाले ते या पूर्वसुरींमुळे. टिळकांनी आणले ते प्रमाण आणि सामर्थ्य. अभंग, ओवी, पदे, आरत्या, भूपाळ्या अशा मराठी कानाला ओळखीच्या सर्व प्रकारांत त्यांनी शेकडो रचना केल्या. आज मराठी मंडळ्यांत चालणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा फार मोठा हिस्सा त्यांच्या रचनांचा आहे. त्यांच्या भजनांची घडण पाहिली की ती कानासाठी आहे हे स्पष्ट होते. वाक्ये छोटी, एका चरणात एक विचार, ध्रुपदाला परत येण्याची सोय, संस्कृतचा पंडित असूनही शब्द घरगुती. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात, आणि संतांच्या रीतीने अखेरच्या चरणात ‘दास’ ही मुद्रा लावतात. आळंदीच्या ज्ञानोबाला माउली म्हणणाऱ्या प्रदेशात ख्रिस्ताला माउली म्हटल्याबरोबर श्रोत्याला कोणत्याही व्याख्येची गरज उरत नाही. देवाचे आणि भक्ताचे नाते एका हाकेत पोहोचते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या उद्गाराचा अर्थ बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने लावला जातो. त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे: ज्या पुलावरून ते स्वतः आले, त्याच पुलावरून त्यांनी आपला संदेश लोकांपर्यंत नेला, आणि तो पूल अभंगाचा होता.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की हे सारे धर्मप्रसाराचे डावपेच होते. लोकांना परका धर्म आपला वाटावा म्हणून त्याला वारकरी वेष चढवला. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण टिळकांना प्रसार करायचा होता. आपल्या देशबांधवांनी ख्रिस्ताला ओळखावे ही त्यांची इच्छा त्यांनी कधी लपवली नाही. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२पासून अखेरपर्यंत केले ते त्याच हेतूने. पण वेषाचा आरोप टिकायचा तर दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात. एक, हा प्रकार त्यांना मुळात परका होता आणि त्यांनी तो गरजेपुरता उचलला. त्यांचे पूर्वायुष्य याच्या अगदी उलट साक्ष देते. अभंग आणि कीर्तन ही त्यांची जन्माची भाषा होती, इंग्रजी स्तोत्राची चालच त्यांना उसनी होती. दुसरी गोष्ट, ही भजने बाहेरच्यांना ओढण्यासाठी रचली होती. प्रत्यक्षात त्यांतली बहुसंख्य भजने उपासनेसाठी आहेत. ती गाणारी आणि ऐकणारी माणसे आधीच ख्रिस्ती झालेली होती. त्यांना आमिषाची गरज नव्हती. त्यांना गरज होती ती स्वतःच्या भाषेत प्रार्थना करण्याची, आणि धर्म बदलला म्हणून आपल्या आजीच्या ओव्यांची लय परकी मानावी लागू नये याची. टिळकांनी त्यांना ती लय परत मिळवून दिली. जे आधीपासून त्यांचेच होते ते त्यांना देण्यात फसवणूक कसली?

दुसरा आक्षेप साहित्यिकांचा आहे. धर्मोपदेशाने टिळकांतला कवी खाल्ला, भजनांच्या रगाड्यात प्रतिभा खर्ची पडली, निसर्ग आणि बालपण यांवरच्या थोड्या कविताच काय त्या टिकाऊ, असे मत वेगवेगळ्या शब्दांत मांडले जाते. यातला खरा भाग मान्य करायला हवा. टिळकांची सगळी भजने सारख्या तोलाची नाहीत. नित्याच्या उपासनेसाठी लिहिणाऱ्याकडून पुनरुक्ती होते, काही ठिकाणी उपदेश उघडा पडतो. तरीही हा आक्षेप एक चुकीचे माप वापरतो. एकांतात, डोळ्यांनी, पुन्हा मागे जाऊन वाचल्या जाणाऱ्या कवितेचे निकष समूहाने म्हणायच्या रचनेला लावले तर तिचे गुण दोष वाटू लागतात. पुनरुक्ती समूहाला एकत्र ठेवते, साधेपणा स्मरणाला मदत करतो. इथे जगातल्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. सतराव्या शतकात वेल्स देशात लँडोव्हरी या गावी रीस प्रिचर्ड नावाचे पाळक होते. १६०२पासून ते त्या गावचे धर्मगुरू. आपले गावकरी प्रवचन ऐकून विसरतात पण गाणी लक्षात ठेवतात, हे पाहून त्यांनी बोलीभाषेत, लोकगीतांच्या सोप्या छंदात धर्मशिकवण बांधली. १६४४ साली ते वारले. स्टीफन ह्यूज या दुसऱ्या धर्मोपदेशकाने त्या रचना त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या, आणि ‘वेल्श लोकांची मेणबत्ती’ अशा अर्थाच्या नावाने त्या पुढे घरोघर गेल्या. उच्च वेल्श काव्याच्या काटेकोर नियमांपुढे त्या ओबडधोबड ठरल्या, पण निरक्षर कुटुंबांत त्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत्या. प्रिचर्ड आणि टिळक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काळ वेगळा, भाषा वेगळी. मात्र दोघांची परिस्थिती सारखी होती आणि दोघांनी काढलेली वाटही सारखी होती. वाचू न शकणाऱ्या मंडळीचा पाळक जेव्हा प्रामाणिकपणे आपले काम करतो, तेव्हा त्याचे साहित्य याच दिशेने जाते. त्याचे यश मोजायचे तर ते किती काळ आणि किती माणसांच्या तोंडी राहिले हे विचारावे लागेल, आणि या कसोटीवर टिळक उतरतात.

शिवाय ‘कवी’ आणि ‘पाळक’ अशी फाळणी टिळकांच्या आयुष्यात शोधूनही सापडत नाही. अहमदनगरच्या त्यांच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण मुलासारखा राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनाने त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले. दुष्काळातली अनाथ मुले, धर्मशिक्षणशाळेचे विद्यार्थी, येणारे-जाणारे कवी आणि उपदेशक यांची त्या घरात एकच पंगत होती. मुलांवरच्या ज्या कवितांसाठी टिळकांना आपण मान देतो, त्यांचा जिव्हाळा अनाथांना पोटाशी धरणाऱ्या घरातला आहे. दुर्बळ जिवाविषयीचा त्यांचा कळवळा त्यांच्या धर्मश्रद्धेपासून सोडवून काढता येत नाही. पाठ्यपुस्तकात राहिलेला कवी त्याच पाळकाच्या घरचा आहे.

तिसरा आक्षेप वाङ्मयाचा नाही, आचरणाचा आहे, आणि तो सर्वांत जास्त बोचतो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतले नाही. लहान मुलाला घेऊन त्या अनेक वर्षे नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्या काळात अशा स्त्रीची समाजात काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येते. टिळक रागीट होते, लहरी होते, पैशाच्या बाबतीत बेफिकीर होते. हे सारे आपल्याला कळते ते त्यांच्या विरोधकांकडून नव्हे, लक्ष्मीबाईंच्याच ‘स्मृतिचित्रे’मधून. जो इतरांना प्रेमाचा धर्म सांगतो त्याने घरातल्या माणसाला असे दुःख द्यावे, याचे समर्थन मी करणार नाही, आणि कोणत्याही चरित्राने ते करू नये. धर्मपुरुषाच्या चरित्रात दोष झाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. टिळकांच्या बाबतीत ती सवय मोडणे सोपे जाते, कारण सर्वांत जवळच्या साक्षीदाराने काहीच झाकलेले नाही. मात्र त्याच साक्षीदाराची उरलेली साक्षही ऐकली पाहिजे. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परत आल्या, कोणाच्या आग्रहाशिवाय, स्वतःच्या विचाराने त्यांनी जातिभेद सोडला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण त्यांना नव्हते. टिळकांनी त्यांना लिहा-वाचायला शिकवले. त्यांनी उतारवयात लिहिलेले आत्मचरित्र १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, आणि त्याचे गद्य बोललेल्या मराठीचे आहे. त्यात वाक्य कानाने तोललेले असते, प्रसंग सांगणाऱ्याच्या आवाजात येतो. मराठीतले सर्वांत जिवंत आत्मकथन अशा घरातून यावे जिथे रोज भजने रचली जात, म्हटली जात, दुरुस्त केली जात, हा मला योगायोग वाटत नाही. टिळकांच्या घरात शब्दाची कसोटी कानावर होती याचा याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनशी असलेला नोकरीचा संबंध सोडला. ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचे ठरवून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि सातारा हे त्याचे ठिकाण केले. पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्या भोरच्या माणसाला सातारा काही दूरचे नाही. टिळकांच्या आयुष्याचा शेवटचा प्रयोग या मुलखाच्या शेजारी झाला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. चर्चच्या यादीत नाव नसले, समाज सोडला नसला, तरी ख्रिस्तावर प्रेम करणारा माणूस आपल्यात बसू शकतो, ही भूमिका मिशनच्या अनेकांना पचणे कठीण होते. यावरही शंका घेता येते. काहींच्या मते हा केवळ एका अस्वस्थ माणसाचा आणखी एक उद्योग होता आणि तो त्यांच्यामागे टिकला नाही. संस्था म्हणून दरबार फार पुढे गेला नाही, हे खरे आहे. टिळकांना त्यासाठी जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली. तरी त्यांच्या विचाराची दिशा त्यातून स्वच्छ दिसते. नोंदवही, सभासदत्व, पगार ही कागदावरची व्यवस्था त्यांना अपुरी वाटू लागली होती. भजनाला जो येऊन बसतो तो आपला, ही सप्ताहाच्या मंडपातली रीत त्यांनी चर्चच्या दारात नेऊन ठेवली. मंडपात येणाऱ्याला कोणी दाखला विचारत नाही. भोर-वेल्ह्याच्या वाचकाला या रीतीतले औदार्य लगेच कळेल. त्याला हेही कळेल की व्यवहारात जात तिथेही पाय अडवत आली आहे, आणि मंडपातली पंगत सर्वांना सारखी असावी यासाठी गावोगावी झगडावे लागले आहे. टिळकांना ख्रिस्ती मंडळीतही हाच झगडा करावा लागला.

राहिला ‘ख्रिस्तायना’चा प्रश्न. टिळकांनी १९०९ साली ख्रिस्तचरित्राचे हे महाकाव्य सुरू केले. माझे प्रतिपादन ऐकून कोणी म्हणेल, की इतके दीर्घ काव्य लिहायला घेणारा माणूस ग्रंथकारच म्हणायला हवा, ऐकणाऱ्यांचा पाळक कसा? उत्तर मराठी परंपरेतच आहे. ओवीबद्ध, अध्यायांत विभागलेला ग्रंथ आपल्याकडे एकट्याने मनात वाचण्यासाठी नसतो. तो पोथी म्हणून लावला जातो, एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि दहा जण ऐकतात. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ याच जातीचे. जवळपास अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी रचला गेला आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई. स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले. त्यांनी मराठी शिकून तिच्यावर प्रेम केले. टिळकांना भाषा शिकायची नव्हती, आपल्या भाषेत नव्या देवाला बसायला जागा करायची होती. काव्याचे सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते वारले, आणि उरलेले प्रचंड काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. १९३६ साली त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते जवळपास पुरे झाले होते. मुलगा देवदत्त यांनी ते सिद्धीस नेले आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिने ओवीचा एवढा मोठा पल्ला गाठावा, हे तिच्या बुद्धीचे तर यश आहेच. पण ज्या माध्यमात ते शक्य झाले त्या माध्यमाचेही आहे. ओवी ऐकून येते. लहानपणापासून ती कानात असलेली बाई छंदशास्त्र न शिकताही ती रचू शकते.

या साऱ्यातून टिळकांविषयी जो निष्कर्ष निघतो तो स्तुतीपेक्षा वेगळा आहे. ते सर्वांना मान्य होतील असे संत नव्हते. त्यांच्या धर्मांतराविषयी आजही मतभेद राहतील आणि ते राहणे स्वाभाविक आहे. त्यांचे मोठेपण मला दिसते ते एका निर्णयात. विद्वत्ता, संस्कृत, कीर्ती आणि मिशनमधला मान हे सगळे हाती असताना त्यांनी आपले लेखन सर्वांत कमी शिकलेल्या श्रोत्याच्या मापाने बेतले, आणि असे करताना त्याची पातळी खाली आणतो आहोत असे त्यांना वाटले नाही. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांनी मराठीत धर्म सांगताना हेच केले होते. त्या परंपरेचा वारस ठरायला विशिष्ट देवाचे नाव घ्यावे लागते की विशिष्ट श्रोत्याची जबाबदारी घ्यावी लागते, हा प्रश्न टिळकांचे आयुष्य आपल्यासमोर ठेवते. माझे उत्तर दुसरे आहे.

म्हणून वाचकाला एक विनंती आहे. टिळकांचे चरित्र वाचताना त्यांची भजने शेजारी ठेवावीत आणि ती मनातल्या मनात न वाचता म्हणावीत. भजनी मंडळात बसणाऱ्यांनी त्यांना चाल लावून पाहावी. ज्यांना ख्रिस्ताविषयी श्रद्धा नाही त्यांनाही मराठी शब्द कसा तोलला आहे हे त्यातून कळेल. शाळांनी पक्षिणीची कविता जरूर शिकवावी, पण कवीच्या नावाआधीच्या उपाधीचा अर्थही मुलांना सांगावा: हा माणूस रविवारी कोणासमोर उभा राहत होता, ते लोक कोण होते, आणि त्यांना वाचता येत नव्हते म्हणून त्याने काय केले. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. इथल्या गडांचा इतिहास मुलांना तोंडपाठ असतो आणि तो असावाच. त्याच मुलांच्या घरांत आणखी एक वारसा आहे, ऐकून धर्म समजून घेण्याचा आणि गाऊन तो टिकवण्याचा. तो वारसा एका पंथापुरता नाही, याची जाणीव त्यांना टिळकांच्या चरित्रातून झाली, तर हे चरित्र या तालुक्यांत वाचले जाण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.